चाळीस डोक्यांचा नाताळ

१ डिसेंबर २०२०, मंगळवार. अकोट.

पुण्याहून मिशनच्या सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. साहेब आधी प्रार्थना करतात आणि मग बोलतात, त्यामुळे बातमी वाईट असली तर ती डोळे मिटून ऐकावी लागते. समितीचं म्हणणं असं, की कोरोनामुळे देणगीदारांनी हात आखडता घेतला आहे आणि वऱ्हाडातली दोन्ही केंद्रं चालवणं आता जमणार नाही. चांदूर बाजारचा आमचा सुवार्तिक, म्हणजे माझ्यासारखाच मिशनचा प्रचारक, गौरांग साळवे दर रविवारी साठ माणसांसमोर उभा असल्याचे फोटो पाठवतो. त्यातली निम्मी माणसं दर रविवारी त्याच खुर्च्यांवर तेच सदरे घालून बसलेली असतात, पण मी कशाला बोलू? अकोटहून मात्र नऊ महिन्यांत एकही फोटो गेलेला नाही. तेव्हा नाताळाच्या दिवशी कार्यक्रम करायचा, त्याचा व्हिडिओ पाठवायचा, आणि त्यात मोजून चाळीस डोकी दिसली पाहिजेत. पन्नासपर्यंत माणसं जमवायला सरकारची ना नाही, त्यामुळे चाळीस कायद्यातही बसतात. चाळीस दिसली नाहीत तर अकोटचं केंद्र बंद आणि मी एक जानेवारीपासून पुन्हा नगरला, शाळेच्या कचेरीत.

"भिंगारदिवे, तुमच्यावर हा केवढा आघात आहे ते आम्ही समजू शकतो," साहेब म्हणाले.

मी जड आवाजात म्हणालो, "प्रभूची इच्छा." मग फोन ठेवला आणि खोलीत उगीचच चार फेऱ्या मारल्या. आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. पण ही वही समिती वाचत नाही, आणि वरती जो वाचतो त्याला मी न लिहिताही ठाऊक आहे.

नगरला वर्षाली आहे, इशिता आहे. इशिता यंदा पहिलीत गेली आणि तिची शाळा मी अजून एकदाही पाहिली नाही. शाळा मोबाइलमध्ये भरते म्हणा, पण मोबाइल धरून बसलेली इशिता तरी कुठे पाहिली?

३ डिसेंबर, गुरुवार.

मी इथे कसा आलो ते एकदा खरं लिहून टाकतो. गेल्या वर्षी मिशनच्या अधिवेशनात वक्त्याने विचारलं, "वऱ्हाडात कोण जाणार?" गीताचं शेवटचं कडवं तीनदा म्हणून झालं तरी कोणाचा हात वर जाईना, आणि मागे जेवण थंड होत चाललं होतं. शेवटी माझा हात वर गेला. मी पुढच्याच रांगेत असल्यामुळे तो सगळ्यांना दिसला. वर्षालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे कौतुक होतं ते आमच्या लग्नातही नव्हतं. तो हात मी अजून खाली घेतलेला नाही.

मार्चच्या नऊ तारखेला इथे उतरलो. दोघी मे महिन्यात मागून येणार होत्या. पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली. पुढे एसट्या सुरू झाल्यावर वर्षालीने तीनदा विचारलं, "आम्ही येऊ का?" मी तिन्ही वेळा सांगितलं की हे क्षेत्र फार कठीण आहे, पाणी खारट आहे, ऊन शेहेचाळीसच्या वर जातं, माणसं कडक आहेत, इथे लेकराचे हाल होतील. ऊन खरं आहे. बाकीचं मी समितीच्या अहवालातून उचललं होतं, आणि अहवालातही ते मीच लिहिलेलं होतं. खरं कारण असं, की त्या दोघी इथे आल्या तर मी कायमचा इथला झालो. शिवाय वर्षालीने माझं पोट पाहिलं असतं. कठीण क्षेत्रात माझं वजन सात किलोंनी वाढलं आहे.

हे पोट घरमालकीण शकुनकाकूंचं काम. काकू आणि वामनरावकाका फुलं आणि भाजी पिकवतात. सबंध गल्लीच त्या धंद्यातली आहे. काकू दोन वेळा ताट आणून ठेवतात आणि मी पोळी मोडेपर्यंत समोरून हलत नाहीत. "खा ना भाऊ. पाहून काय राहिले?" आम्हा नगरकरांना लोक फटकळ म्हणतात. त्यांनी काकूंचा आग्रह ऐकावा, तो पोलिसी हुकमासारखा असतो.

६ डिसेंबर, रविवार.

उपासना. उपस्थिती तीन. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स सिंधूबाई, त्यांचा दीर देवमन आणि देवमनची बायको शालू. नऊ महिने माझी मंडळी एवढीच आहे, आणि ती मी यायच्या आधीपासून ख्रिस्ती आहे. अहवालात लिहिलं, "मंडळी विश्वासात स्थिर आहे." तिनाचे तीनच राहिले, म्हणजे स्थिरच की.

११ डिसेंबर, शुक्रवार.

वर्षालीला सगळं सांगितलं. तिने आपण होऊन "बरं झालं, या आता घरी" म्हणावं अशी फार इच्छा होती. पण मीच "सुटलो" म्हणालो असतो तर अधिवेशनातला तो हात वाया गेला असता. म्हणून म्हणालो, "चाळीस जमले नाहीत तर माझं जीवितकार्य संपलं, वर्षाली. यासाठीच तर मी जगतो आहे."

मला वाटलं, आता म्हणेल. तर तिने विचारलं, "चाळीस म्हणजे सगळी मोठी माणसंच लागतात, की लहान मुलंही मोजतात?"

माझं मन एकदम खट्टू झालं. नऊ महिन्यांनी नवरा घरी येण्याची शक्यता निर्माण झाली, आणि बाई मुलं मोजायची का ते विचारते! तिला माझी सवय राहिली नाही असं दिसतं.

१४ डिसेंबर, सोमवार.

सकाळी काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंचवीस तारखेला काय आहे ते पाहिलं. नाताळ लाल अक्षरांत होताच. त्याच्याखाली लिहिलं होतं, मोक्षदा एकादशी.

मी काकांना सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे एकादशी कितपत पाळतात?"

"कितपत म्हंजे?" काका म्हणाले. "त्या दिवशी अख्ख्या गल्लीत कोणी भाताचं शित तोंडात घालत नाई. लेकरं बी नाई."

मी खोलीत आलो, दार लावलं आणि गुडघे टेकून उपकारस्तुती केली. मग निमंत्रणाचा मजकूर लिहिला. "ख्रिस्तजन्माच्या आनंदात सहभागी व्हा. स. ११ उपासना. दु. १२ चिकन बिर्याणीचे प्रेमभोजन. सर्वांचे स्वागत."

यात खोटं काहीच नाही. मनापासून बोलावतो आहे, जेवायलाही घालतो आहे. मेजवानीला बोलावलेल्यांनी सबबी सांगितल्याची गोष्ट तर पवित्र शास्त्रातच आहे. एकाने शेत घेतलं होतं, एकाने बैल घेतले होते, एकाचं नवं लग्न झालं होतं. एकादशीची सबब तेवढी त्यात राहून गेली.

१७ डिसेंबर, गुरुवार.

घरोघर फिरून साठ निमंत्रणं दिली. कोणी म्हणू नये की भिंगारदिवेने कसूर केली. बिर्याणी हा शब्द वाचून माणसं आधी निमंत्रणाकडे बघत आणि मग माझ्याकडे. भाजी बाजारातल्या एका गृहस्थांनी तर निमंत्रण दोन बोटांत धरून परत दिलं. माझं काम इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

पण भजनी मंडळाचे जानराव निमंत्रण वाचून विचारात पडले. "भाऊ, तुमच्या देवाचा जलम एकादशीचा होय काय?"

मी म्हणालो, "यंदा तसं आलंय खरं."

"मंग मोठाच देव असन बाप्पा," जानराव म्हणाले आणि निमंत्रण टोपीत ठेवलं.

संध्याकाळी काकू ताट घेऊन आल्या. "इशिताचा समोरचा दात पडला म्हणे. आता थे फोटोत हासत नाई." हे मी काकूंना सांगितलेलं नव्हतं. फोनवर मी फार मोठ्याने बोलतो, आणि इथल्या भिंती पातळ आहेत.

२० डिसेंबर, रविवार.

उपासनेनंतर एसटीने अकोल्याला गेलो. नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीसाठी मातीच्या मूर्ती घेतल्या. मरिया, योसेफ आणि बाळ. मेंढपाळ मिळाले नाहीत. कापडाच्या दुकानात इशितासाठी गुलाबी फ्रॉक घेतला. दुकानदाराने माप विचारलं. मी हात छातीपाशी धरून दाखवला, मग वाटलं की एवढी उंच नसेल, म्हणून खाली घेतला. आणि मग मला माझ्याच मुलीची उंची सांगता येईना. मी दुकानातच स्टुलावर बसलो. मास्क होता म्हणून बरं.

परत आल्यावर बॅग भरायला काढली. बिर्याणी सहा माणसांचीच सांगितली आहे. मंडळीतले तीन, मी, आणि कोणी वाट चुकून आलंच तर दोन.

२२ डिसेंबर, मंगळवार.

साहेबांचा फोन. तयारी कशी आहे? म्हणालो, लोकांच्या मनात खळबळ आहे. ते खरंच आहे, गल्लीत बिर्याणीशिवाय दुसरा विषय नाही.

२४ डिसेंबर, गुरुवार.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. काकूंकडे पूजा झाली आणि नंतर हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायका जमल्या. मी अंगणात नाताळचा तारा टांगत होतो. आतून काकूंचा आवाज येत होता. "एकटा माणूस हाये थो. लेकरू तिकडं, बायको तिकडं." मी दाराकडे वळलो तशा सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने तर तोंडाला पदर लावला.

मी समजलो. उद्याच्या कार्यक्रमावर बहिष्कार ठरतो आहे. मिशनरी चरित्रांतून वाचलेला विरोध अखेर माझ्याही वाट्याला आला. अहवालात एक परिच्छेद चांगला होईल. तरीही मनाला थोडं लागलं. काकूंनी तरी असं करायला नको होतं. नऊ महिने त्यांच्या हातचं खाल्लं.

बॅग भरून झाली आहे. फ्रॉक वरच्या वर ठेवला आहे.

२५ डिसेंबर, शुक्रवार. नाताळ.

सकाळी दहा खुर्च्या मांडल्या. दहा जास्तच होत्या, पण रिकाम्या खुर्च्या व्हिडिओत उठून दिसतात. अकराला सिंधूबाई, देवमन आणि शालू आले. सिंधूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. देवमनला मोबाइल देऊन म्हटलं, "सगळं घे. रिकामी जागाही घे."

पहिलं गीत सुरू केलं आणि फाटक वाजलं. वामनरावकाका आत आले. धुतलेला सदरा, टोपी, तोंडाला दुपट्टा. हातात शेवंतीचे चार हार. त्यांच्यामागे जानराव आणि त्यांचं अख्खं भजनी मंडळ, टाळ-मृदंगासकट. त्यांच्यामागे काकू, आणि काकूंच्या मागे कालच्या सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. निमंत्रण परत करणारे गृहस्थही आले आणि माझ्याकडे न बघता मागे बसले. खुर्च्या संपल्या तशा सतरंज्या आल्या. अंतर ठेवून बसा म्हटलं तर बसले, आणि दोन मिनिटांत सरकत सरकत पुन्हा जवळ आले. देवमन व्हिडिओ काढता काढता मोठ्याने मोजत होता. "एकेचाळीस, बेचाळीस, अन् हे पोट्टं धरून त्रेचाळीस!"

माझा सूर गेला. हाताखालची पेटीही थांबली.

काकू थेट गव्हाणीपाशी गेल्या आणि वाकून बघू लागल्या. "पोरगं थंडीचं उघडं कावून ठेवलं हो?" कमरेला खोचलेली तान्ह्या लेकराची कुंची काढून त्यांनी बाळाच्या डोक्यावर घातली, तिच्यात बाळ पायापर्यंत बुडालं. मग मरियेकडे पाहून म्हणाल्या, "अन् बाळंतिणीले काय देल्लं खायाले?" मी चार वर्षं शास्त्र शिकलो, पण हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

मी प्रवचन केलं. पूर्ण दिवस भरलेली बाई, परका गाव, आणि धर्मशाळेत जागा नाही, हे सांगितलं. हे मी पन्नास वेळा सांगितलं असेल आणि लोक नेहमी मान डोलावतात. इथे बायकांनी चुकचुक केली.

"कोणीच जागा देल्ली नाई?" जानरावांनी मधेच विचारलं. "कोणतं गाव होय थे?"

"बेथलेहेम."

"बेकार गाव," जानराव म्हणाले.

"आमच्याकडं आली असती तर वरची खोली रिकामीच होती," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे पुसले.

मी प्रवचन तिथेच थांबवलं.

मग बायकांनी पाळणा म्हटला. बारशाला म्हणतात तोच, नाव तेवढं येशूचं घातलं. जानरावांनी टाळ धरले. बारा वाजता झाकलेली ताटं उघडली. साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. निमंत्रणावर बिर्याणी होती म्हणून काका थोडे रागावले होतेच. "आमचा उपास हाये म्हणून काय तुमच्या देवाच्या वाढदिवसाले येऊ नये काय? खायाचं आमी आणलं. तुमचं कोंबडं तुमी खा."

बिर्याणी मंडळीपुढे ठेवली. सिंधूबाईंनी ती परत झाकली. "एवढ्या उपासकऱ्यांपुढं मी हाड चघळत बसू काय?" मग रताळं सोलता सोलता म्हणाल्या, "सत्तर वर्षांत पयल्यांदा मले नाताळाले उपास घडून राहिला, पास्टर."

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, घरच्या आठवणीने. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा उसळ वाढली. मला नगरला न्यायला निघालेली गाडी या त्रेचाळीस माणसांनी प्रेमाने अडवून धरली होती, आणि त्यांच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

व्हिडिओ पाठवून दिला. जसा होता तसा, टाळ, पाळणा, कुंची, सगळ्यासकट. एकच आशा उरली आहे. हे पाहून समिती मला रागाने तरी परत बोलावील.

२६ डिसेंबर, शनिवार.

साहेबांनी आज प्रार्थनाही केली नाही, थेट बोलायला लागले. "भिंगारदिवे! जन्माच्या दिवशी अख्खी मंडळी उपवास धरते! समोर बिर्याणी असून एकाने हात लावला नाही! परदेशातल्या देणगीदारांच्या समितीने व्हिडिओ दोनदा पाहिला. तिथल्या बाईंना अश्रू आवरेनात."

"साहेब, काल एकादशी होती."

"परदेशातल्या समितीला एकादशी माहीत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हीही सांगू नका."

"टाळ होते, साहेब. बारशाचा पाळणा होता."

"स्थानिक रूपातली उपासना! त्यांना तेच तर हवं असतं."

अकोट केंद्राला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. चांदूर बाजारचं बंद. गौरांगच्या फोटोतली खुर्च्यांची गोष्ट कोणाच्या तरी लक्षात आली म्हणे. एक तारखेपासून तो नगरला शाळेच्या कचेरीत, माझ्या टेबलावर बसणार. त्याचं घर त्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. मी एकही मागितला नव्हता.

२७ डिसेंबर, रविवार.

उपासनेला तीन. स्थिर.

दुपारी वर्षालीला फोन केला. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "त्रेचाळीस झाले ना!"

"तुला आकडा कोणी सांगितला?"

"काकूंनी. आमचं रोज बोलणं होतं की. सप्टेंबरात तुम्ही तापाने पडला होतात ना, तेव्हापासून. तुम्ही किती जेवता तेसुद्धा कळतं मला." ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात, जीवितकार्य संपेल. मग मी काय करणार? काकूंना म्हटलं, माझ्या माणसाचं काम जातंय, काही करून चाळीस जमवा. त्यांनी गुरुवारी सगळ्या बायकांना शब्द घालून ठेवला."

मी बसलो होतो तो उभा राहिलो. "तुला मी घरी यायला नको होतो?"

तिचं हसणं थांबलं. "इशिता रोज विचारते, पप्पा कधी येणार. त्या दिवशी तुमचा फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. यायची वेळ आली आणि मीच ती घालवायला निघालेय, म्हणून रडले. मग तोंड धुतलं आणि काकूंना फोन लावला. तुमचा हात वर गेला होता ना, मी पाहिला होता. तो माझ्यामुळे खाली यायला नको होता."

एरवी मला अशा वेळी एखादं वचन आठवतं. आज एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "वर्षाली, मला चाळीस माणसं नको होती. एकादशी आहे हे मला माहीत होतं. कोणी येऊ नये म्हणूनच मी बिर्याणी ठेवली होती. मला घरी यायचं होतं. आणि आता केंद्राला पाच वर्षं वाढवून मिळाली."

तिने विचारलं, "तिथलं पाणी खारट आहे का?"

"आमच्या विहिरीचं नाही."

"माणसं कडक आहेत?"

"नाहीत."

"मग मी नऊ महिने इथे काय करत बसले होते?"

तिला रडताना मी ऐकलं आणि मीही रडलो. भिंती पातळ आहेत तर असू देत. मग ती म्हणाली, "इशिताला देते. पाच वर्षांचं तिला तुम्हीच सांगा."

इशिता आली. दात पडल्यामुळे तिच्या बोलण्यात आता वारा येतो. "पप्पा, नाताळ झाला ना? आता तुम्ही येणार?"

"नाही, बाळा," मी म्हणालो. "आता तुम्ही दोघी या."

मग वर्षालीने फोन घेतला, नाक ओढलं आणि म्हणाली, "थांबा. काकूंना सांगते."